आधी वय विचारा

इराणमधील अराक शहराच्या तुरुंगात १८ जुलै २०१६ रोजी हसन अफशार या तरुणाला फाशी देण्यात आली. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. डिसेंबर २०१४ मध्ये पोलिसांनी त्याला पकडले, त्या वेळी तो सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. आणखी दोघांच्या साथीने त्याने एका किशोरवयीन मुलावर लैंगिक बळजबरी केली, असा आरोप होता. जे झाले ते मर्जीने झाले, असे हसनचे म्हणणे होते. त्याला वकील मिळाला नाही. अटकेनंतर दोन महिन्यांच्या आत खटला उरकला आणि मृत्युदंड सुनावला गेला. तपास अपुरा असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा एकदा रद्द केली आणि मार्च २०१६ मध्ये पुन्हा कायम केली. फेरतपासणी १५ सप्टेंबरला होईल, असे न्यायव्यवस्थेच्या प्रमुखांच्या कार्यालयाने कुटुंबाला कळवले होते. फाशी त्याच्या दोन महिने आधीच उरकण्यात आली.

अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने जगापुढे आणलेल्या या हकिगतीत एक तपशील असा आहे की तो वाचून पुढे सरकता येत नाही. शिक्षा झाल्यानंतर जवळपास सात महिने हसनला ती सांगण्यातच आली नव्हती. त्याला मानसिक त्रास होऊ नये, असे कारण अधिकाऱ्यांनी दिले होते. ही बातमी त्या पोराला झेपणार नाही, एवढे त्यांना कळत होते. तरीही शिक्षा मात्र त्याला पेलेल, असे त्याच व्यवस्थेने ठरवले.

समलैंगिकतेच्या आरोपावरून अल्पवयीनांना दिल्या जाणाऱ्या मृत्युदंडाचा विषय निघाला की दोन प्रश्न एकमेकांत अडकतात. समलैंगिक संबंध हा गुन्हा असावा का, हा एक. अठरा वर्षांखालील व्यक्तीला, तिच्या हातून काहीही घडलेले असो, फाशी देता येते का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्वच्छ ‘नाही’ असे आहे. पण या आढाव्यात मला दुसऱ्या प्रश्नाला अग्रक्रम द्यायचा आहे. अशा खटल्यात सर्वांत आधी वय विचारले पाहिजे. ते अठराच्या खाली निघाले की फाशीचा विषय तिथेच संपला पाहिजे. आरोप कोणता, तो खरा की खोटा, संबंध मर्जीचा की जबरदस्तीचा, याची चौकशी त्यानंतर व्हावी. हा क्रम उलटा झाला की काय होते, याचा पुरावा गेल्या वीस वर्षांतल्या इराणी खटल्यांत पानोपानी सापडतो.

कायद्याची रचना

इराणच्या फौजदारी कायद्यात पुरुषांमधील लैंगिक संभोगाला ‘लवात’ म्हणतात. हा ‘हद्द’ प्रकारातला गुन्हा मानला जातो. म्हणजे त्याची शिक्षा धर्मशास्त्राने ठरवून दिलेली असून न्यायाधीशाला ती आपल्या विवेकाने कमी करता येत नाही. १९९१ च्या दंडसंहितेत दोन्ही सज्ञान पुरुषांना मृत्युदंड होता. २०१३ च्या सुधारित संहितेने त्यात भेद केला. सक्रिय पुरुषाला बळजबरी केली असेल किंवा तो विवाहित असेल तर मृत्युदंड, एरवी शंभर फटके. निष्क्रिय पुरुष स्वेच्छेने सामील झाला असेल तर मात्र थेट मृत्युदंड.

या शेवटच्या तरतुदीचा परिणाम फार खोलवर जातो. दोन मुलांमधला संबंध उघडकीस आला, असे समजा. त्यातला एक जण ‘माझी मर्जी होती’ असे म्हणाला तर तो स्वतःच्या मृत्युदंडावर सही करतो. ‘माझ्यावर जबरदस्ती झाली’ म्हणाला तर तो वाचतो आणि दुसरा फाशी जातो. मुलाला जगवायचे म्हणून आईबापही त्याला दुसरेच सांगायला लावणार. म्हणजे खरे बोलण्याची सोय कायद्यानेच मोडून ठेवली आहे. उलट ज्याच्यावर खरोखर अत्याचार झाला, तो मुलगाही तक्रार करायला धजावणार नाही, कारण बळजबरी सिद्ध करता आली नाही तर तोच आरोपी ठरण्याची भीती आहे. अशा कायद्याखाली ‘बलात्कार’ हा शब्द निकालपत्रात आला म्हणून तो खरा मानता येत नाही, आणि खोटा म्हणून झटकूनही टाकता येत नाही. फाशी मात्र या धुक्यातच दिली जाते.

दुसरी अडचण पुराव्याची. धर्मशास्त्राची मूळ अट कडक आहे. आरोपीने चार वेळा कबुली द्यावी किंवा चार पुरुषांनी प्रत्यक्ष पाहिल्याची साक्ष द्यावी. ही अट पुरी होणे जवळपास अशक्य. पण इराणी कायद्यात ‘न्यायाधीशाचे ज्ञान’ नावाची वाट आहे. उपलब्ध परिस्थितीवरून न्यायाधीशाची खात्री पटली की तो दोषी ठरवू शकतो. साक्षीदार फिरले, कबुली मारहाणीने घेतली गेली, तरी ही वाट उघडी राहते.

पंधरा चांद्र वर्षे

इराणमध्ये फौजदारी जबाबदारीचे वय मुलग्यांसाठी पंधरा चांद्र वर्षे आणि मुलींसाठी नऊ चांद्र वर्षे आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे आपल्या हिशेबाने हे वय मुलासाठी साडेचौदा आणि मुलीसाठी पावणेनऊ वर्षे होते. त्याच देशात वाहन चालवण्याचा परवाना हवा असेल तर मात्र अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात.

नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेल्या गुन्ह्यासाठी मृत्युदंड देता येणार नाही. इराणने हा करार १९७५ मध्ये स्वीकारला. १९७९ च्या क्रांतीनंतर आलेल्या राजवटीनेही त्यातून अंग काढून घेतलेले नाही. बालहक्कांच्या कराराचे सदतिसावे कलम हेच सांगते. इराणने तो करार १९९४ मध्ये स्वीकारला, पण इस्लामी कायद्याशी विसंगत वाटेल ते आम्ही लागू करणार नाही, अशी पुस्ती जोडून. पहिल्या कराराला अशी पुस्ती नाही. त्यामुळे ‘आमचा कायदा वेगळा आहे’ या बचावाला कायदेशीर आधार उरत नाही. इराणने स्वतःच दिलेला हा शब्द आहे.

अॅम्नेस्टीने जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २००५ ते २०१५ या काळात इराणमध्ये अठरा वर्षांखाली असताना घडलेल्या गुन्ह्यांसाठी किमान ७३ जणांना फाशी झाली. यातले बहुतेक खटले खुनाचे होते, काही अमली पदार्थांचे, काही लैंगिक गुन्ह्यांचे. संख्येने लवातचे खटले थोडे आहेत. तरीही त्यांचा वेगळा विचार करायला हवा, कारण सुटकेच्या जेवढ्या वाटा आहेत तेवढ्या सगळ्या या आरोपाखाली एकदम बंद होतात.

पावेहचा मकवान

इराणच्या पश्चिम सीमेजवळ कर्मानशाह प्रांतात पावेह नावाचे कुर्द वस्तीचे गाव आहे. तिथल्या मकवान मौलूदजादेह या तरुणाला २००६ मध्ये अटक झाली, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तो तेरा वर्षांचा असताना त्याने काही मुलांवर बलात्कार केला, असा आरोप ठेवण्यात आला. म्हणजे सात वर्षांपूर्वीची घटना. अटकेनंतर त्याचे डोके भादरून, गाढवावर बसवून गावातून धिंड काढण्यात आली. खटला तेव्हा उभाही राहिला नव्हता.

जून २००७ मध्ये कर्मानशाहच्या न्यायालयात सुनावणी झाली. तक्रारदारांनी आधीचे जबाब मागे घेतले. मकवानने सांगितले की आपली कबुली जबरदस्तीने घेतली गेली होती. आता पुरावा कुठला उरला? न्यायाधीशांनी ‘ज्ञाना’च्या आधारे त्याला दोषी ठरवले आणि फाशी सुनावली.

इथे थोडे थांबून त्या वेळचा इराणी कायदाच पाहू. अज्ञान मुलाला मृत्युदंड नाही, जास्तीत जास्त ७४ फटके, असे १९९१ च्या संहितेत म्हटले होते. मुलग्याच्या अज्ञानपणाची सीमा पंधरा चांद्र वर्षे होती. आरोप शब्दशः खरा धरला तरी घटनेच्या वेळी मकवान तेरा वर्षांचा होता. म्हणजे आंतरराष्ट्रीय कायदा बाजूला ठेवला तरी त्याच्या स्वतःच्या देशाच्या कायद्यानेही त्याला फाशी देता येत नव्हती. तेरा वर्षांचा मुलगा त्या वेळी वयात आलेला होता, हेही न्यायालयाने सात वर्षांनंतर गृहीतच धरले.

नोव्हेंबर २००७ मध्ये तत्कालीन न्यायव्यवस्था प्रमुख आयतुल्ला महमूद हाशेमी शाहरूदी यांनी फाशीला स्थगिती दिली आणि खटला फेरतपासणीसाठी पाठवला. देशाच्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्याने निकालात खोट काढली होती. तरीही फेरतपासणी करणाऱ्या न्यायाधीशांनी शिक्षा कायम ठेवली. डिसेंबर २००७ मध्ये एके सकाळी कर्मानशाहच्या तुरुंगात मकवानला फाशी देण्यात आली. वकिलाला किंवा कुटुंबाला आगाऊ कळवण्यात आले नाही.

या एका खटल्यात वय, पुरावा, कबुली, देशाचा कायदा, वरिष्ठांचा आदेश असे पाच अडसर होते. पाचही ओलांडून फाशी झाली. मग अशा आरोपाच्या वेळी हे अडसर इतके कमजोर का पडतात, याचा शोध घ्यायला हवा.

माफीची वाट

खुनाच्या खटल्यात इराणमध्ये ‘किसास’ लागू होतो, म्हणजे जिवाच्या बदल्यात जीव. ही व्यवस्थाही क्रूर आहे, पण तिच्यात एक फट आहे. मृताचे वारस आरोपीला माफ करू शकतात किंवा रक्तमोल घेऊन त्याचा जीव वाचवू शकतात. इराणमधले कार्यकर्ते, वकील, नाटक-सिनेमातले कलावंत अनेकदा त्या वारसांच्या दारात जातात, हात जोडतात, वर्गणी काढून पैसे उभे करतात. कित्येक मुले या वाटेने फासाखालून परत आली आहेत.

लवातच्या खटल्यात ही वाट नाही. तो ईश्वराच्या हक्काविरुद्धचा गुन्हा मानला जातो, त्यामुळे माफ करण्याचा अधिकार तक्रारदाराकडे नसतो. मकवानचे तक्रारदार मागे हटले तरी फरक पडला नाही, तो यामुळे. कायद्यात एक बारीक वाट आहे. आरोपीने कबुली दिली आणि पश्चात्ताप व्यक्त केला तर न्यायाधीश सर्वोच्च नेत्याकडे माफीची शिफारस करू शकतो. पण त्या वाटेने जायचे तर आधी गुन्हा कबूल करावा लागतो. मी हे केले नाही, असे शेवटपर्यंत म्हणणाऱ्या निरपराध मुलाला ती उपयोगाची नाही.

कायद्यापलीकडचा अडसर समाजाचा. खुनाच्या आरोपात अडकलेल्या मुलासाठी शेजारीपाजारी, शिक्षक, नातलग उभे राहतात. समलैंगिकतेच्या आरोपात अडकलेल्या मुलाचे नाव घ्यायलाही लोक कचरतात. बाप बोलत नाही, कारण धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे असते. मित्र बोलत नाही, कारण बोलला तर पुढचा संशय त्याच्यावर. वकीलपत्र घेणाराही बदनाम होतो. २०१० मध्ये तब्रीजमधल्या एका अठरा वर्षांच्या तरुणाचा खटला गाजला. घटना तो सोळा वर्षांचा असतानाची. तक्रारदार मुलाने पुढे सांगितले की घरच्यांच्या दबावामुळे आपण खोटे बोललो. तरीही न्यायाधीशाच्या ज्ञानावर फाशीची शिक्षा दिली गेली. अल्पवयीनांचे अनेक खटले लढवणारे वकील मोहम्मद मुस्तफाई त्याची बाजू मांडत होते. त्याच वर्षी अटकेच्या भीतीने मुस्तफाईंना देश सोडावा लागला आणि मुलगा वकिलाविना उरला.

म्हणूनच वयाची अट आरोपाच्या स्वरूपावर अवलंबून ठेवता येत नाही. अपवादाला जागा ठेवली की त्या जागेत सर्वांत आधी तो मुलगा ढकलला जातो, ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नसते.

मशहदचे छायाचित्र

१९ जुलै २००५ रोजी मशहद शहरातील अदालत चौकात दोन तरुणांना जाहीर फाशी देण्यात आली. तेरा वर्षांच्या मुलावर बलात्कार केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. त्याआधी त्यांनी सुमारे चौदा महिने तुरुंगात काढले होते आणि फटक्यांची शिक्षाही भोगली होती. गळ्यात दोर अडकवला जात असतानाची त्यांची छायाचित्रे इराणी वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केली आणि ती जगभर पोहोचली. लंडन, पॅरिस, सॅन फ्रान्सिस्को अशा अनेक शहरांत निदर्शने झाली.

लगेच वाद पेटला. एका गटाने म्हटले की ही प्रेम करणारी दोन मुले होती, बलात्काराचा आरोप बनावट आहे. ह्यूमन राइट्स वॉचसारख्या संघटनांनी सांगितले की उपलब्ध माहितीवरून तसे ठामपणे म्हणता येत नाही. पुढची कित्येक वर्षे या वादावर शाई खर्च झाली. मुले निर्दोष प्रेमी ठरली तर निषेध योग्य, गुन्हेगार ठरली तर निषेध चुकीचा, अशा थाटात चर्चा चालली.

निषेधाचा पाया तिथे चुकला असे मला वाटते. आरोपी निष्कलंक असेल तरच फाशी चूक, अशी भूमिका घेतली की त्याच्या चारित्र्याचा प्रत्येक डाग फाशीच्या बाजूचा मुद्दा बनतो. मशहदच्या त्या दोघांपैकी निदान एक जण घटनेच्या वेळी अठरा वर्षांखाली होता, हे निषेधाला पुरेसे होते. त्याने गुन्हा केला असेल तर त्याला सुधारगृहात ठेवा, शिक्षण द्या, पीडित मुलाला आधार द्या. मारण्याचा अधिकार तरीही नाही. शिवाय दूरच्या देशातील मुलाच्या वतीने आपण त्याची लैंगिक ओळख जाहीर करणे धोक्याचे आहे. हसनने किंवा मकवानने स्वतःला समलैंगिक म्हटल्याचे आपल्याला माहीत नाही. ‘समलैंगिक तरुणाला वाचवा’ अशी घोषणा बाहेरून झाली, तर आतल्या न्यायालयात तो आरोपीविरुद्धचा पुरावा ठरू शकतो. मोहीम आरोपीच्या वयावर आणि न्याय्य सुनावणीवर उभी असेल, तर हा धोका टळतो.

कलम ९१ आणि मनाची मोजणी

देशातल्या आणि बाहेरच्या दबावामुळे २०१३ च्या संहितेत कलम ९१ आले. हद्द किंवा किसासच्या गुन्ह्यात अठरा वर्षांखालील आरोपीला कृत्याचे स्वरूप किंवा त्याची मनाई समजली नसेल, अथवा त्याच्या मानसिक वाढीबद्दल शंका असेल, तर मृत्युदंडाऐवजी दुसरी शिक्षा द्यावी, असे हे कलम सांगते. या कलमाने काही जीव वाचले. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या आरोपींनाही या कलमाखाली फेरसुनावणी मागण्याची मुभा दिली. शिरीन इबादी, नसरीन सोतूदेह, इमादुद्दीन बाघी यांच्यासारख्या इराणी मानवी हक्क कार्यकर्त्यांनी तुरुंगवास, बंदी आणि देशत्याग सोसून ज्या सुधारणा मागितल्या, त्यांचा हा थोडासा अंश आहे.

पण कलम ९१ ने सरसकट बंदी घातली नाही, न्यायाधीशाला मुभा दिली. त्यामुळे सतराव्या वर्षीच्या मुलाचे मन तेव्हा किती पिकले होते, हे त्याच्या पंचविशीत तपासले जाते. न्यायवैद्यक डॉक्टर त्याला प्रश्न विचारतात आणि न्यायालय उत्तरांवरून भूतकाळातल्या मनाचा अंदाज बांधते. ‘हे पाप आहे हे तुला ठाऊक होते का’ या प्रश्नाला धर्मनिष्ठ घरातला कोणताही मुलगा ‘हो’ म्हणेल. तेवढ्यावर त्याला प्रौढ ठरवायचे का? चूक-बरोबर ठाऊक असणे वेगळे आणि आवेगाला, भीतीला, बरोबरीच्या पोरांच्या आग्रहाला आवर घालता येणे वेगळे. ही दुसरी क्षमता मेंदूत विशीपर्यंत घडत असते. अठरा ही रेषा तंतोतंत नाही, हे खरे. तरीही ठाम रेषा हवी, कारण प्रत्येक मुलाचे मन स्वतंत्रपणे मोजायला बसले की मोजणाऱ्याचे पूर्वग्रहही मापात उतरतात. समलैंगिकतेबद्दलचा तिरस्कार हा त्यातला सर्वांत जुनाट पूर्वग्रह आहे.

इतर देश

इराण एकटा नाही, पण अल्पवयीनांच्या फाशीत तो सगळ्यांत पुढे आहे. सौदी अरेबिया, येमेन, मॉरिटानिया आणि नायजेरियाच्या उत्तरेकडील शरिया लागू असलेल्या राज्यांत पुरुषांमधील संबंधांना मृत्युदंडाची तरतूद आहे. मॉरिटानियात १९८७ नंतर कोणालाच फाशी झालेली नाही. ब्रुनेईने एप्रिल २०१९ मध्ये दगडांनी ठेचून मारण्याची तरतूद लागू केली. जगभर टीका झाल्यावर महिन्याभरातच सुलतानांनी अंमलबजावणी स्थगित असल्याचे जाहीर केले. युगांडाने २०२३ मध्ये ‘गंभीर समलैंगिकते’साठी मृत्युदंड आणला. त्याच कायद्यात मुलांसाठी मात्र तीन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास ठेवला आहे. फाशी नाही म्हणून समाधान मानावे, अशी ही गोष्ट नव्हे.

अल्पवयीनांच्या फाशीचा प्रश्न फक्त मुस्लिम देशांचा आहे, हा समज अमेरिकेचा इतिहास खोटा ठरवतो. तिथे २००३ पर्यंत अशा फाशी झाल्या. १ मार्च २००५ रोजी ‘रोपर विरुद्ध सिमन्स’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने त्या घटनाबाह्य ठरवल्या. किशोरांची अपरिपक्वता, इतरांच्या दबावाला बळी पडण्याचा कल आणि अजून न घडलेला स्वभाव ही कारणे न्यायमूर्ती केनेडी यांनी दिली. ही कारणे तेहरानमधल्या मुलालाही तितकीच लागू आहेत.

समलैंगिकतेला मृत्युदंड ही कल्पनाही एका धर्माची मालकी नाही. इंग्लंडमध्ये १५३३ पासून १८६१ पर्यंत हा कायदा होता आणि १८३५ मध्ये लंडनमध्ये दोन पुरुषांना त्याखाली शेवटची फाशी झाली. याउलट उस्मानी साम्राज्याच्या १८५८ च्या दंडसंहितेत खासगी संमतीच्या संबंधांसाठी शिक्षा नव्हती.

भारताची भूमिका

भारतीय दंडसंहितेतले कलम ३७७ हे त्याच इंग्रजी परंपरेचे अपत्य. त्यात फाशी नव्हती, पण जन्मठेप होती. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध त्यातून वगळले. अल्पवयीनांच्या बाबतीत २००० च्या बालन्याय कायद्याने वयाची मर्यादा मुलामुलींसाठी सारखीच अठरा केली. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयोगटातल्या विधिसंघर्षग्रस्त बालकावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट उघडली, पण मृत्युदंडाची बंदी कायम ठेवली.

कागदावर बंदी असली तरी ती न्यायालयापर्यंत पोहोचायला काय लागते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. पुण्यात १९९४ मध्ये एका घरातील पाच स्त्रिया आणि दोन मुलांची हत्या झाली. त्या प्रकरणात फाशी झालेल्या एका आरोपीचे वय घटनेच्या वेळी साडेबारा वर्षे होते, हे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेचा दाखला पुरावा ठरला. तोपर्यंत त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात घालवला होता. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या दरोडा आणि हत्येच्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी सुनावली गेली. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झाले, आणि मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. दोन्ही खटले समलैंगिकतेचे नव्हते. पण ज्याच्याकडे जन्मदाखला नाही, चांगला वकील नाही, ज्याच्या जमातीबद्दल आधीच संशय आहे, त्याचे वय कोणी विचारत नाही, हे दोन्हींतून दिसते.

या विषयाशी भारताचा आणखी एक थेट संबंध आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातील मानवी हक्क परिषदेत एक ठराव आला. संमतीच्या समलैंगिक संबंधांसाठी मृत्युदंड देण्याचा त्यात निषेध होता आणि अठरा वर्षांखालील कोणालाही मृत्युदंड देऊ नये, असे आवाहन होते. ठराव २७ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला. त्या तेरांत भारत होता. शिक्षा ठरवणे हा प्रत्येक देशाचा सार्वभौम अधिकार आहे, अशी आपली भूमिका होती. मृत्युदंड सरसकट रद्द करायला भारत तयार नसेल, हे समजू शकते. पण जे आपण आपल्या कायद्यात मुलांसाठी निषिद्ध मानले आहे, त्याविरुद्धच्या ठरावावर आपले मत विरोधात पडले, याची नोंद प्रत्येक भारतीयाने घ्यायला हवी.

दोन आक्षेप

‘बलात्कार झालेल्या मुलाचे काय?’ असा पहिला आक्षेप घेतला जातो. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देता कामा नये. अत्याचार झालेल्या मुलाला सुरक्षितता, उपचार आणि न्याय मिळालाच पाहिजे. पण फाशीचा कायदा त्याला तो देत नाही. उलट, आपण बोललो तर कोणीतरी मरेल, कदाचित आपणही मरू, ही भीती त्याचे तोंड बंद करते. संमतीचा संबंध गुन्हा नसेल आणि शिक्षा जीवघेणी नसेल, तेव्हाच मुले खरे बोलू शकतात.

दुसरा आक्षेप सार्वभौमत्वाचा आणि धर्माचा. यावर उत्तर इराणमधूनच आले आहे. शाहरूदींनी मकवानच्या फाशीला स्थगिती दिली, ती धर्मशास्त्राच्या चौकटीत राहूनच. शंका असेल तिथे हद्द लागू करू नये, हे तत्त्व इस्लामी न्यायशास्त्रात जुने आहे आणि २०१३ च्या संहितेतही लिहिलेले आहे. मुलांची फाशी थांबवा म्हणणारे वकील आणि माता इराणीच आहेत. त्यांना परदेशी हस्तक म्हणणे सोपे आहे, पण ज्यांची पोरे गेली त्यांना तसे म्हणता येत नाही.

काय करता येईल

बाहेरून दिलेला आवाज नेहमीच उपयोगी पडतो असे नाही, पण कधीकधी पडतो. कित्येक फाशी तात्पुरत्या का होईना थांबल्या, त्या नाव, तारीख आणि तुरुंग जाहीर झाल्यामुळे. म्हणून माहिती तपासून घ्यावी, ओळख लादू नये, वयाचा आणि सुनावणीचा मुद्दा पुढे ठेवावा आणि आपल्या सरकारला जिनिव्हातल्या मताचा जाब विचारावा. इराणशी भारताचे जुने आणि जिव्हाळ्याचे संबंध आहेत. इराणमधील चाबहार बंदराच्या बैठकीत ज्यांच्याशी बोलता येते, त्यांना मुलांच्या फाशीबद्दलही सांगता येते.

मागणी तीन ओळींची आहे. अठरा वर्षांखाली घडलेल्या कोणत्याही कृत्यासाठी कोणत्याही देशाने कोणालाही फाशी देऊ नये, त्यात न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडलेला अपवाद नसावा. दोन माणसांच्या संमतीचा संबंध गुन्हा मानू नये. आणि पुढच्या वेळी असा ठराव संयुक्त राष्ट्रांत येईल, तेव्हा भारताचा हात मुलांच्या बाजूने वर व्हावा. पहिल्या दोन गोष्टी इराणसारख्या देशांच्या हातात आहेत. तिसरी आपल्या हातात आहे, आणि ती मागण्यासाठी इराणची परवानगी लागत नाही.